गोल मांडण्याआधी

गेल्या अंकात ऑस्ट्रेलियातल्या ‘रिस्टोरेटिव्ह प्रॅक्टिस’वर, म्हणजे चूक झाल्यावर नुसती शिक्षा ठोठावण्यापेक्षा बिघडलेलं नातं सांधण्याच्या पद्धतीवर लेख होता. तिथल्या ॲबोरिजिनल, म्हणजे मूळनिवासी, समाजांच्या ऐकण्याच्या रीतीही त्यात आल्या होत्या. त्यावर आलेली बरीचशी पत्रं एकाच वळणाची आहेत: ‘आम्ही खुर्च्या गोल मांडायचं ठरवलंय, पुढे काय?’ पुढचं सांगतोच, पण खुर्च्यांना हात लावण्याआधीचं जास्त सांगावं लागणार आहे.

प्रश्न : हिंजवडीत आठ जणांची टीम सांभाळतो. मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही, शेवटी मीच बोलतो. दर सोमवारी सुरुवातीला दोन मिनिटं ‘दादिरी’ करून मग ‘टॉकिंग स्टिक’ फिरवावी असं मनात आहे. उपयोग होईल का?

दोन मिनिटं गप्प बसल्याने कुणाचं काही बिघडत नाही. फक्त त्याला दादिरी म्हणू नका. हा शब्द उत्तर ऑस्ट्रेलियातल्या, डार्विन शहराच्या दक्षिणेकडच्या डेली नदीकाठच्या लोकांचा. तिथल्या नौइयू गावच्या शिक्षिका आणि चित्रकार मिरियम-रोज उन्गुनमेर-बाउमन यांनी १९८८ साली तो बाहेरच्या जगाला उलगडून सांगितला. २०२१ साली त्यांना ‘सीनियर ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ हा सन्मान मिळाला. आत खोलवर ऐकणं आणि जागं राहून निश्चल असणं, असा त्याचा ढोबळ अर्थ. त्यात वाट पाहणं आहे: ऋतू पालटण्याची, पोरं मोठी होण्याची, दुखवटा सरण्याची. एकच गोष्ट वर्षानुवर्षं ऐकत तिच्यात मुरणं आहे. लिफ्टने चौथ्या मजल्यावर जाताना डोळे मिटले आणि ‘वारी झाली’ म्हटलं तर आपल्याला कसं वाटेल? तसंच हे.

आणि ती काठी ऑस्ट्रेलियातली नव्हेच. हातात काठी असेल त्यानेच बोलायचं, ही चाल उत्तर अमेरिकेतली, विशेषतः वायव्य किनाऱ्यावरच्या समाजांची. ऑस्ट्रेलियात ‘मेसेज स्टिक’ होत्या. पण त्या कोरीव काठ्या घेऊन निरोप्या एका गटाचा निरोप दुसऱ्या गटाकडे न्यायचा. कार्यशाळा घेणारे सगळ्या खंडांचे मूळ रहिवासी एकाच टोपलीत घालतात, त्यातून हा घोळ होतो.

आता तुमचं दुखणं. ते पत्रातच आहे: ‘शेवटी मीच बोलतो.’ शेवटी बॉसच बोलणार आणि तेच होणार हे आठही जणांना ठाऊक असेल, तर मधे तोंड उघडून वाईटपणा कोण घेईल? एमआयटीतले ऑटो शार्मर ऐकण्याच्या चार तऱ्हा सांगतात. पहिलीत माणूस आपल्याला आधीच माहीत असलेलंच पुन्हा ऐकतो. दुसरीत वेगळं काय आहे ते टिपतो; वादविवाद चालतो तो या पातळीवर. तिसरीत समोरच्याच्या जागेवरून पाहतो. चौथीत खोलीत शिरताना कुणाच्याच डोक्यात नव्हतं असं काहीतरी निपजतं. ‘जनरेटिव्ह’ संवाद म्हणतात तो हा. बहुतेक सोमवार पहिल्या दोन तऱ्हांमध्येच संपतात. चौथी दर आठवड्याला गाठायचा हट्टही धरू नका. स्प्रिंटचा, म्हणजे त्या टप्प्यातल्या कामाचा, हिशेब द्यायला दुसरी पुरते.

ज्या दिवशी खरंच काही उघडायचं असेल त्या दिवसासाठी साठ मिनिटांचा आराखडा असा. प्रश्न आदल्या दिवशी कळवा, आणि तो तुम्हालाही उत्तर माहीत नाही असाच हवा. ‘रिलीज वेळेवर कसं जाईल?’ हा प्रश्न दटावणीसारखा वाटतो. ‘मागची तीन रिलीज कुठे अडकली, असं तुम्हाला तुमच्या टेबलावरून दिसलं?’ याला उत्तरं येतात. पहिली फेरी: तुम्ही धरून नऊ जण, प्रत्येकी दोन मिनिटं, मधे कुणी बोलायचं नाही, मान हलवून दाद द्यायची नाही, लॅपटॉप बंद, अठरा मिनिटं. मग दोन मिनिटं शांतता, पण रिकामी नाही: ‘मला न सुचलेलं काय ऐकलं’ ते प्रत्येकाने कागदावर लिहायचं. दुसऱ्या फेरीत प्रत्येकी दीड मिनिट, आणि बोलायचं ते दुसऱ्याने मांडलेल्याबद्दलच. साडेतेरा मिनिटं. पुढची साडेसोळा मिनिटं खुली चर्चा. शेवटची दहा काय ठरलं, कोण करणार, कोणत्या तारखेला, यासाठी. दोन्ही फेऱ्यांत तुमचा क्रमांक शेवटचा. कुणी ‘पास’ म्हटलं तर हरकत नाही, फेरी संपताना एकदा परत विचारायचं.

मोडतं कुठे? नवव्या-दहाव्या मिनिटाला. कुणीतरी तुमच्यावर घसरतो आणि तुम्ही ‘नाही, त्याचं कारण असं की…’ म्हणून सुरू होता. एवढं एक वाक्य पुरतं. उरलेले सगळे गोडगोड बोलून मोकळे होतात.

आणि एक. निर्णय झालेला असेल तर फेरी घेऊ नका, निर्णय सांगा. माणसं प्रतिकूल निर्णयही पचवतात, पण आधी मत विचारलं गेलं, कारण सांगितलं गेलं आणि आता आपल्याकडून काय अपेक्षा आहे ते स्पष्ट झालं तर. व्यवस्थापनाचे अभ्यासक डब्ल्यू. चॅन किम आणि रेने मोबोर्न यांनी १९९७ साली ‘फेअर प्रोसेस’ म्हणून मांडलेले तीन भाग ते हेच. ठरलेल्या गोष्टीवर मत मागितलेलं मात्र लोक लक्षात ठेवतात.

प्रश्न : कोल्हापूरला वकिली करते. ही सांधणारी पद्धत ‘हजारो वर्षांच्या ॲबोरिजिनल परंपरेतून’ आली, असं एका प्रशिक्षणात ऐकलं. खरं का?

अर्धवट. कानाला गोड लागणारी गोष्ट आहे, म्हणून टिकली आहे. कॅथलीन डेली यांच्यासारख्या ऑस्ट्रेलियातल्याच अभ्यासकांनी तिला उघड हरकत घेतली आहे.

आजच्या रूपातल्या बैठकीची, म्हणजे ज्याने चूक केली आणि ज्याला ती सोसावी लागली त्यांना आपापल्या माणसांसह समोरासमोर बसवण्याची, वंशावळ बऱ्यापैकी स्पष्ट आहे. १९७४ साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, एल्मायरा गावी, तोडफोड करणाऱ्या दोन तरुणांना नुकसान झालेल्या घरांच्या दारात नेऊन उभं केलं गेलं. न्यूझीलंडमध्ये माओरी कुटुंबांतली मुलं सरकारी यंत्रणा उचलून नेते, याविरुद्ध १९८०च्या दशकात मोठा रोष होता. ‘पुआओ-ते-आता-तू’ या अहवालाने तो मांडला, आणि १९८९च्या कायद्याने कौटुंबिक बैठक हा बालन्यायाचा कणाच केला. तिथे मूळनिवासी मागणीचा धागा खरोखर आहे, पण तो माओरी आहे. १९९१ साली न्यू साउथ वेल्समधल्या वागा वागा शहरात पोलीस सार्जंट टेरी ओ’कॉनेल यांनी ती बैठक ठरावीक प्रश्नांच्या संहितेत बसवली. तिला तात्त्विक पाया गुन्हेशास्त्रज्ञ जॉन ब्रेथवेट यांच्या मांडणीचा लाभला: लाज अशी आणा, की माणूस समाजाबाहेर न फेकला जाता परत आत येईल. १९९४ साली क्वीन्सलँडमधल्या मारूचीडोर हायस्कूलमध्ये मार्गारेट थॉर्सबोर्न यांनी ती शाळेत आणली.

वागा वागा ही विराजुरी लोकांची भूमी. त्यांच्या भाषेत ‘यिंद्यामारा’ हा सुंदर शब्द आहे: आदर, सौम्यपणा, सावकाशी हे सगळं एकत्र. पण पोलिसांची संहिता त्यातून निघाली असं म्हणणं म्हणजे ज्यांना विचारलंच नाही त्यांच्या नावावर श्रेय टाकणं. विचारणं पुढे झालं, ते न्यायालयांत. १९९९ साली पोर्ट ॲडलेडला ‘नुंगा कोर्ट’ सुरू झालं, २००२ साली व्हिक्टोरियात शेपर्टनला ‘कूरी कोर्ट’. (नुंगा आणि कूरी ही त्या त्या भागातले ॲबोरिजिनल लोक स्वतःसाठी वापरतात ती नावं.) कूरी कोर्टात मॅजिस्ट्रेट उंच आसन सोडून लंबगोल टेबलाशी बसतात. शेजारी समाजातले एल्डर (मानाची वडीलधारी माणसं), समोर आरोपी, त्याची माणसं, वकील, पोलीस. वकील म्हणून तुम्हाला महत्त्वाचं: आरोपीने गुन्हा कबूल केलेला असावा लागतो, शिक्षा मॅजिस्ट्रेटच देतात आणि कायदा सरकारचाच राहतो. एल्डर बोलतात ते असं, की ‘मी तुझ्या आजीला ओळखते.’ आरोपीची नजर खाली जाते ती या वाक्याला.

जुन्या रीती म्हणजे नुसत्या हळुवार गप्पा, हाही भ्रम नको. उत्तर ऑस्ट्रेलियात, ईशान्य आर्नहेम लँडमधल्या योल्ङु लोकांच्या ‘मकराटा’ या समेटाच्या विधीत दुखावलेली बाजू भाले फेकायची आणि अपराध्याच्या मांडीत भाला टोचून हिशेब मिटायचा. हाच शब्द मूळनिवासी प्रतिनिधींच्या २०१७च्या उलुरू निवेदनात आला तो ‘संघर्षानंतर एकत्र येणं’ या अर्थाने. समेटाची किंमत कुणीतरी मोजायची असते, हे त्या शब्दाच्या पोटातच आहे. आपल्या कार्यशाळांमधून नेमकं तेच गळून जातं.

प्रश्न : सांगली जिल्ह्यात माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. आठवीच्या तीन मुलांनी वर्गातल्या एकाला महिनाभर छळलं. डबा पळवणं, सायकलची हवा सोडणं, आणि शेवटी त्याच्या रडण्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. शिक्षा केली तर ती त्याच्यावरच उलटेल अशी भीती आहे. अशी बैठक कशी घ्यायची? अगदी पायरीपायरीने सांगा.

आधी हे पाहा, की बैठक घेण्यासारखी स्थिती आहे का. तीन अटी. तिघांनी निदान मुख्य गोष्ट कबूल केलेली हवी. कुणी काय केलं हे शोधण्याची जागा ही नव्हे, ती चौकशी आधीच झालेली असावी. ज्याला त्रास झाला तो मुलगा स्वखुशीने यायला तयार हवा. त्याने ‘नको’ म्हटलं तर बैठक नाही, आणि त्यावरून त्याला कुणी टोमणा मारायचा नाही. तिसरी अट म्हणजे छळाला जातीची किंवा लैंगिक धार नाही ना, हे तपासा. असेल तर कायद्याची वाट वेगळी आहे, आणि शाळेने घडवलेल्या गोडीगुलाबीने ती बंद होत नाही.

बैठकीचं खरं काम बैठकीआधी असतं. चारही मुलांना आणि त्यांच्या पालकांना वेगवेगळं भेटा, प्रत्येक घराला निदान अर्धा-पाऊण तास द्या. बैठकीत जे प्रश्न येणार तेच इथे विचारा, म्हणजे तिथे कुणी बिचकणार नाही. ‘तुझ्यासोबत कोण बसलेलं तुला आवडेल?’ हे मुलाला विचारा. उत्तर कधी ‘मामा’ येतं, कधी ‘पीटीचे सर’. वडीलच हवेत असं नाही. जो बाप ‘बैठकीतच याला दोन ठेवून देतो’ म्हणतो त्याला आधीच सांगा, की हात उचलला तर बैठक तिथेच थांबेल.

बैठक चालवणारी व्यक्ती तुम्ही नसलेली बरी. शाळेतून काढायचा अधिकार तुमच्या हातात आहे. तुमच्यासमोर मुलं खरं बोलत नाहीत, सुटका करून घेतात. वर्गशिक्षकही नकोत, तेही यात दुखावलेले असू शकतात. वरच्या वर्गाच्या एखाद्या शांत बाई पाहा. तुम्ही गोलात बसा, पण शाळेच्या वतीने.

खुर्च्या सारख्या उंचीच्या, मधे टेबल नको. चालवणाऱ्या बाईंच्या एका हाताला त्रास झालेला मुलगा आणि त्याची माणसं, दुसऱ्या हाताला ती तीन मुलं आणि त्यांची माणसं. कोण कुठे बसणार ते आधी ठरवून नावं सांगून बसवा; नाहीतर तिघं मित्र खेटून बसतात आणि एकमेकांकडे पाहून फिदीफिदी हसतात. तिघांच्या मधे त्यांचे पालक आले पाहिजेत. वेळ दीड तास मोकळा ठेवा. मधल्या सुट्टीतल्या वीस मिनिटांत उरकलेली बैठक न घेतलेली बरी.

बोलण्याचा क्रम बदलू नका. आधी ज्यांनी केलं ते. एकेकाला: काय झालं? त्या वेळी तुझ्या डोक्यात काय होतं? नंतर त्याबद्दल काय वाटत आलंय? कुणाकुणाला त्याची झळ लागली असेल? ‘का केलंस?’ हा प्रश्न नाही. त्याला तेरा वर्षांच्या मुलाकडे उत्तर नसतं, असलं तर सबब असते. मग ज्याला सोसावं लागलं तो: ते घडलं तेव्हा तुला काय झालं? तेव्हापासून कसं चाललंय? सगळ्यात कठीण काय गेलं? हा शेवटचा प्रश्न घाईत विचारू नका, आणि विचारल्यावर गप्प राहा. उत्तर बहुधा मोठ्यांनी धरलेलं नसतं. मोठे व्हिडिओ धरून बसलेले असतात आणि मुलगा म्हणतो, ‘आईला रोज सांगायला लागायचं की डबा खाल्ला.’ त्यानंतर त्याची आई, मग त्या तिघांचे पालक. हे पालक बोलायला लागले की सहसा पोरांचे चेहरे पडतात. ते पडू द्या, वर भाषण जोडू नका. मग पुन्हा तिघांकडे: आता काही म्हणायचंय? माफी यायची तर इथे येते. ‘सॉरी म्हण’ असं मोठ्यांनी म्हणायचं नाही. ओढून काढलेली माफी ज्याला मिळते त्यालाच ओशाळं करते.

मग त्या मुलाला विचारा: आजच्या बैठकीतून तुला काय हवंय? त्याच्या उत्तरावर करार उभा राहतो. ‘यापुढे नीट वागू’ हा करार नाही. ‘व्हिडिओ तिघांनी आज संध्याकाळी सहाच्या आत पालकांसमोर फोनमधून काढायचा आणि ग्रुपमधल्या प्रत्येकाला स्वतः मेसेज करून काढायला सांगायचं; ट्यूबचे पैसे तिघांनी शनिवारपर्यंत द्यायचे; सायकल स्टँडवर दोन आठवडे कुळकर्णी मामा लक्ष ठेवतील; वर्गशिक्षिका दर शुक्रवारी मुलाला एकटं गाठून विचारतील’, हा करार. ओ’कॉनेल यांच्या संहितेत यानंतर एक गंमतीची पायरी आहे: करार लिहून होईपर्यंत सगळ्यांनी चहा-बिस्किटं घ्यायची. ती गाळू नका. दोन घरांतली माणसं पहिल्यांदा साधं बोलतात ती कप हातात असताना. तेवढ्यात बाई करार लिहितात, सगळ्यांच्या सह्या होतात, प्रत्येक घराला एक प्रत जाते.

काय बिघडतं? एखादा मुलगा गोलात हसतो आणि शिक्षक भडकतात. लाज वाटली की माणूस चारपैकी एका दिशेला पळतो, असं मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड नेथन्सन यांनी मांडलं: कोषात जातो, स्वतःलाच बोल लावतो, ‘त्यात काय एवढं’ म्हणून टाळतो, किंवा दुसऱ्यावर उलटतो. हसू बहुतेक वेळा तिसऱ्या दिशेचं असतं. प्रश्न शांतपणे पुन्हा विचारा, ओसरतं. दुसरं बिघडतं ते कुणी पुढारी पालक सगळी बैठक ताब्यात घेतो तेव्हा. ‘दादा, तुमची पाळी यानंतर’ एवढं म्हणायचं धैर्य चालवणाऱ्या बाईंकडे हवं. आणि सगळ्यात जास्त वेळा बिघडतं ते तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवारचं विचारणं बंद पडतं तेव्हा. मग मुलं शिकतात ती एवढीच गोष्ट, की बैठक म्हणजे शिक्षा चुकवायची सोय.

सगळ्या वर्गासमोर असा गोल करू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने मारायला बंदी आहे तशीच मानसिक छळालाही. चाळीस जणांसमोर एकाला बोलतं करणं कधी त्या बाजूला कलंडेल, कळतही नाही.

प्रश्न : कंपनीत एका सहकारी स्त्रीने वरिष्ठाविरुद्ध लैंगिक छळाची तोंडी तक्रार केली आहे. एचआर म्हणतं, ‘दोघांना समोरासमोर बसवून रिस्टोरेटिव्ह सर्कल घेऊ.’ घ्यावी का?

नाही. २०१३च्या कायद्याप्रमाणे ही तक्रार अंतर्गत समितीकडे जाते, लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. तिला लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम. कलम १० खाली समेट होऊ शकतो, पण चौकशी सुरू होण्याआधी आणि तिने मागितला तरच. पैसे देऊन तडजोड हा त्याचा पाया असू शकत नाही. एचआरने सुचवलेलं वर्तुळ म्हणजे तिने न मागितलेला समेट. जिचं अप्रेझल वरिष्ठावर अवलंबून आहे तिला ‘तुझी तयारी आहे ना?’ विचारणं हाच दबाव आहे. कूरी कोर्टही, एवढं समाजाला धरून असून, लैंगिक गुन्ह्यांची प्रकरणं घेत नाही.

प्रश्न : मेलबर्नला असतो. मंडळाच्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात ‘वेलकम टू कंट्री’ म्हणायची जबाबदारी माझ्यावर आहे. शेवटी डिजेरिडूची रेकॉर्ड लावायचाही बेत आहे. काय म्हणू?

‘वेलकम’ तुम्ही म्हणू शकत नाही. स्वागत घरचा माणूस करतो. ते फक्त त्या भूमीच्या पारंपरिक मालकांपैकीच कुणी करायचं. हवं असेल तर त्यांच्या संस्थेकडे काही आठवडे आधी विनंती करा. त्याचं मानधन असतं आणि ते द्यायचं असतं. आपण भटजींची दक्षिणा बुडवत नाही. तुम्ही म्हणायचं ते ‘ॲक्नॉलेजमेंट’, म्हणजे ही भूमी कुणाची हे मान्य करणारे चार शब्द. ते कुणीही म्हणू शकतं, वीस-पंचवीस सेकंदांचं, दीपप्रज्वलनाच्या आधी. ज्या लोकांची ही भूमी त्यांचं नेमकं नाव घ्या. मेलबर्नच्या मोठ्या भागात वुरुंजेरी वोइ-वुरुंग, आग्नेयेकडच्या पट्ट्यात बुनुराँग. तुमचा हॉल कुठल्या हद्दीत येतो ते तिथल्या कौन्सिलकडून खात्री करून घ्या. मराठीत म्हटलंत तरी चालेल, उलट जास्त खरं वाटेल: ‘आपण आज जमलोय ती भूमी वुरुंजेरी लोकांची. त्यांनी ती कधी कुणाला देऊन टाकलेली नाही. त्यांच्या आजवरच्या एल्डरना आमचा नमस्कार.’ नावाचा उच्चार आधी दहा वेळा घोकून या.

डिजेरिडू नको. ते उत्तरेकडचं वाद्य, योल्ङु त्याला यिदाकी म्हणतात. मेलबर्नच्या भूमीला मान देताना आर्नहेम लँडचं वाद्य लावणं म्हणजे कोकणातल्या पाहुण्याचं स्वागत भांगड्याने करणं. ‘ॲबोरिजिनी’ हे नामही टाळा, तिथे ते आता खुपतं. आणि आपण दिसेल त्याला काका-मावशी म्हणतो म्हणून एल्डरना परस्पर ‘अंकल’, ‘आंटी’ म्हणू नका. तो तिथे मानाचा शब्द आहे. त्यांनी किंवा त्यांच्या माणसांनी तशी ओळख करून दिली की मग म्हणा.

प्रश्न : नंदुरबारच्या डोंगरी भागात शासकीय योजनेचं काम करतो. बैठकीत सगळे ‘हो साहेब’ म्हणतात, अंगठे देतात, आणि नंतर गावात काहीच हलत नाही. लेखात ‘यार्निंग’ होतं. नुसत्या गप्पांनी काम होतं का?

तुमच्या ‘हो साहेब’वर ऑस्ट्रेलियात एक अख्खा न्यायनिर्णय आहे. १९७६ साली नॉर्दर्न टेरिटरीच्या सर्वोच्च न्यायालयात न्या. फॉर्स्टर यांनी ॲबोरिजिनल संशयितांच्या जबान्यांविषयी नियम घालून दिले, त्यांना ‘अनुंगा नियम’ म्हणतात. अधिकाराच्या जागेवरून विचारलं की माणूस विचारणाऱ्याला हवं ते उत्तर देऊन मोकळा होतो, हे त्यांनी स्पष्ट ओळखलं. डायना ईड्स यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञांनी पुढे दाखवलं, की अशा ‘हो’चा अर्थ ‘पटलं’ असा नसतो. ‘ऐकतोय, आता हे लवकर संपू द्या’ असा असतो. तसंच प्रश्नानंतरची शांतता म्हणजे उत्तर नाही असंही नव्हे.

त्या नियमांतलं बरंच जसंच्या तसं उचलण्यासारखं आहे. दुभाषा द्या. सोबत विश्वासातला माणूस बसू द्या. उत्तर पोटात असलेले प्रश्न विचारू नका. थकलेल्या, आजारी किंवा प्यायलेल्या माणसाला विचारू नका. चहापाणी, लघवीला जायची सोय पाहा. न्यायमूर्तींनी हेही लिहून ठेवलंय. आणि सगळ्यात मोलाचं: सूचना एका दमात वाचून ‘समजलं ना?’ म्हणायचं नाही. तुकडा तुकडा सांगायचा आणि प्रत्येक तुकड्यानंतर काय समजलं ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावायचं. तुमच्या योजनेत पाच अटी असतील तर पाच वेळा, पावरीत नाहीतर भिलीत. एखाद्या अटीवर तुम्ही सांगितलं त्याच्या उलट ऐकू येईल. अडलंय ते तिथे.

यार्निंग म्हणजे कोकणातल्या गजालींसारखं, वेळेचं बंधन नसलेलं, गोष्टीतून गोष्ट निघणारं बोलणं. पण ते भरकटणं नव्हे. डॉन बेसारॅब आणि ब्रिजेट न्गांडू यांनी २०१० साली त्याच्या चार जाती मांडल्या: ओळखीच्या गप्पा, विषयाला धरून गप्पा, मिळून काही शोधणाऱ्या गप्पा, आणि मन हलकं करणाऱ्या गप्पा. पहिली झाल्याशिवाय दुसरी नाही. तुम्ही कुठले, आईवडील काय करतात, शेती आहे का, हे आधी तुम्ही सांगायचं. गावाने तुम्हाला जोखायचं. आणि विषयाच्या गप्पांत कुणी मधेच मेलेल्या लेकराचं बोलू लागलं तर फॉर्म खाली ठेवायचा. तिथे चौथी जात सुरू झालेली असते.

शांततेचं माप हवं असेल तर प्रश्नानंतर मनात सावकाश पंधरापर्यंत मोजा. चौथ्या-पाचव्या आकड्याला तुम्हाला स्वतःलाच बोलावंसं वाटेल. आवरा.

इतकं लांब जायची गरजही नाही. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) या गोंड गावाने बहुमत बाजूला ठेवून सर्वसहमतीने निर्णय घ्यायची रीत वर्षानुवर्षं पाळली. एकाचंही मन वळलं नाही तर निर्णय थांबतो. आणि ग्रामसभेआधी अभ्यासगट बसतो. तिथे निर्णय होत नाही, विषय फक्त समजून घेतला जातो, बाहेरच्या जाणत्यालाही बोलावता येतं. ऐकण्याची आणि ठरवण्याची जागा वेगळी ठेवण्याची ही युक्ती आमच्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वात कामाची. २००९ साली त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तो अशाच बसण्यातून.

तुमच्या कामात याचा हिशेब किमान तीन फेऱ्यांचा. पहिली ओळखीची, कागद न काढता. दुसरी समजून घेण्याची, शक्यतो बायकांबरोबर वेगळी आणि पाड्यापाड्यात वेगळी, कारण मोठ्या सभेत पुढे बसलेले चौघंच बोलतात. तिसरी ठरवण्याची, आणि त्यात आधी दुसऱ्या फेरीतल्या हरकती मोठ्याने वाचून दाखवायच्या. आपलं म्हणणं साहेबाच्या वहीत आहे हे कानाने ऐकलं, की लोक ‘नाही’ म्हणायला धजतात. वरून तारीख आलेली असेल, महिनाअखेरीला आकडा द्यायचा असेल, ते आम्हाला ठाऊक आहे. तरी अंगठ्याचं शाईपॅड पहिल्या दोन फेऱ्यांना जीपमध्येच राहू द्या.